सल्ला सदर : खो-खो की आठशे मीटर?

पत्र :

मॅडम, मी १९ वर्षांची आहे. सातारा जिल्ह्यातल्या एका गावातून तालुक्याच्या महाविद्यालयात बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला शिकते. सहावीपासून खो-खो खेळते. शाळेत असताना दोनदा राज्य स्पर्धेपर्यंत गेले आणि आता विद्यापीठ संघाच्या निवड चाचणीची तयारी करते आहे. मागच्या वर्षी आमच्या क्रीडाशिक्षकांनी सहज म्हणून मला ८०० मीटरला उभे केले, तेव्हा २ मिनिटे २९ सेकंद लागले. यंदा २ मिनिटे २१ सेकंदांत पळाले. तेव्हापासून ॲथलेटिक्सचे प्रशिक्षक म्हणतात, “खो-खो सोड. दोन्ही करायचे असेल तर माझ्याकडे येऊ नकोस.” खो-खोचे सर म्हणतात, “तू गेलीस तर संघ मोडेल.” सध्या संध्याकाळी पाच दिवस दोन-दोन तास खो-खो आणि सकाळी चार दिवस दीड-दीड तास पळणे असा सराव चालतो. महाविद्यालय सहा किलोमीटरवर आहे, तिथे सायकलने जाते. रविवारी जवळपास कुठे मॅरेथॉन असली तर तिथे पळते, कारण रोख बक्षीस मिळते आणि त्यातून बूट आणि प्रवासखर्च भागतो. येत्या रविवारच्या शर्यतीचा क्रमांकही घेऊन ठेवला आहे. पण अशी बक्षिसे घेतल्याने हौशी खेळाडूचा दर्जा जातो, असे एकाने मला घाबरवले आहे. ते खरे आहे का? घरून विरोध नाही, मात्र वडील म्हणतात, “नोकरी कशातून लागेल ते एकदा ठरव.” चुकीचा खेळ निवडला तर जन्मभर हळहळ लागेल, ही भीती आहे.

ता. क. : उजवी नडगी महिनाभर दुखते आहे, पट्टी बांधून खेळते. वजन उतरले तर वेळ सुधारेल म्हणून रात्रीची भाकरी अर्धी केली आहे. तीन महिने पाळीही आलेली नाही. मैत्रिणी म्हणतात, बरेच झाले, स्पर्धेत अडचण नको.

उत्तर :

तू मला मॅडम म्हटले आहेस, तेव्हा मीही तुला माझ्या विद्यार्थिनींना म्हणत असे तसे ‘तू’च म्हणते. तुझे पत्र मी दोनदा वाचले आणि दुसऱ्या वेळी शेवटाकडून सुरुवात केली, कारण ज्या तीन गोष्टी तू ताज्या कलमात घाईने उरकल्या आहेस, त्याच मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. खो-खो की ८०० मीटर, या तुझ्या प्रश्नावर माझे मत काय आहे ते मी पुढे आडपडदा न ठेवता सांगणार आहे. परंतु पाय दुखत असताना, पोटाला चिमटा घेतलेला असताना आणि पाळी थांबलेली असताना खेळाची निवड करणे म्हणजे तापाने फणफणलेल्या माणसाने अंथरुणावरून शेताच्या वाटणीवर सही करण्यासारखे आहे. ती सही थोडी थांबू दे.

पाळी तीन महिने न येणे ही सोय झाली असे मुळीच समजू नकोस. मैदानावरच्या मुलींमध्ये हा समज इतका खोल रुजलेला आहे की अनेक जणी घरीही सांगत नाहीत. तू निदान मला लिहिलेस, हे फार चांगले केलेस. आपण जे खातो त्यातली ऊर्जा सरावात खर्च होऊन उरलेल्या भागावर शरीराची रोजची कामे चालतात. हा उरलेला भाग फार कमी पडू लागला की शरीर ज्या कामांवाचून आजचा दिवस अडत नाही ती कामे आखडती घेते, आणि पाळी हे त्यांपैकी एक काम आहे. पाळी थांबते तेव्हा इस्ट्रोजेन हे संप्रेरकही कमी झालेले असते; हाडांची रोजची झीज भरून काढण्यात त्याचा मोठा वाटा असल्यामुळे हाडे आतून कमकुवत होऊ लागतात. त्यातून तुझे वय हाडे भक्कम होण्याचे आहे आणि या वर्षांत जे साठायचे राहून जाते ते पुढे भरून काढणे अवघड असते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने २०१४ मध्ये खेळाडूंमधल्या या ऊर्जेच्या कमतरतेवर तज्ज्ञांचे निवेदन प्रसिद्ध केले आणि ही अवस्था केवळ पाळीपुरती नसून हाडे, प्रतिकारशक्ती, मनःस्थिती आणि प्रत्यक्ष कामगिरी या सगळ्यांवर परिणाम करणारी आहे, असे त्यात मांडले. म्हणजे वेळ सुधारावी म्हणून तू जी अर्धी भाकरी ताटातून काढलीस, ती तुझी वेळ बिघडवण्याच्याच कामी येते आहे.

आता नडगी. नडगीचे दुखणे दोन प्रकारचे असते आणि त्यांतला फरक घरच्या घरी बराचसा कळतो. हाडाच्या आतल्या कडेने वीतभर पसरलेले, सरावाच्या सुरुवातीला जाणवणारे आणि अंग तापल्यावर कमी होणारे दुखणे बहुधा हाडाच्या आवरणाला सूज आल्याचे असते. मात्र एकाच ठिकाणी बोट टेकवताच कळ येत असेल, पळता पळता ती वाढत जात असेल आणि रात्री आडवे झाल्यावरही ठणका राहत असेल, तर हाडाला बारीक चीर पडल्याची शंका घ्यायला हवी. पाळी थांबलेल्या धावपटू मुलींमध्ये अशी चीर पडण्याची शक्यता वाढलेली असते, म्हणूनच या दोन तक्रारी मी एकत्र वाचते आहे.

हे मी पुस्तकातून शिकले नाही, याचे मला आजही वाईट वाटते. मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवत असताना एक विद्यार्थिनी कबड्डी आणि लांब उडी असे दोन्ही करीत असे. जिल्हा स्पर्धेच्या आदल्या दिवशी ती क्रीडासाहित्याच्या खोलीच्या पायरीवर मोजा खाली सरकवून बसली होती. कुठे दुखते म्हणून विचारले, तेव्हा तिने नडगीवर अंगठा ठेवला. रुपयाच्या नाण्याएवढीच जागा होती, आणि तिथे दाब देताच तिने ओठ आत घेतले. मी बर्फ लावला, पट्टी बांधली आणि दुसऱ्या दिवशी तिला मैदानात उतरवले. दुसऱ्या उडीनंतर ती वाळूतून उठली नाही. हाड मोडले होते. तिने मला कधी बोल लावला नाही, तिच्या आईनेही नाही, परंतु ती चूक माझी होती, आणि तुझ्या पत्रातला ‘पट्टी बांधून’ हा शब्दप्रयोग वाचताना ती पायरी माझ्या डोळ्यांसमोर आली.

तेव्हा या आठवड्यात दोन डॉक्टरांना भेट. अस्थिरोगतज्ज्ञांना महिनाभराचे दुखणे, सरावाचे तास आणि थांबलेली पाळी हे तिन्ही एकाच वेळी सांग, कारण नुसते ‘पाय दुखतो’ म्हटलेस तर गोळी आणि मलम घेऊन परत येशील. बारीक चीर पहिल्या काही आठवड्यांत साध्या क्ष-किरण चित्रात बहुतेकदा दिसत नाही, ती एमआरआयमध्ये दिसते. म्हणून क्ष-किरण चित्र स्वच्छ आले तरी दुखणे कायम असेल तर तपासणी तिथे थांबवू नकोस. स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जाताना आईला बरोबर ने. रक्तातले हिमोग्लोबिन आणि लोहाचा साठाही तपासून घे. मुलीने पळणे कमी केले की पाळी आपोआप येते, एवढे सांगून कोणी परत पाठवले तर जेवणाबद्दलही विचार. भाकरी आजपासून पूर्ण कर आणि सकाळच्या सरावानंतर तासाभराच्या आत काही तरी पोटात जाऊ दे. शेंगदाणे आणि गूळ, दूध, उसळ, चालत असेल तर अंडी. यांतले काहीही महाग नाही आणि सगळे तुमच्या घरात बहुधा असतेच.

हे झाल्यावर आपण तुझ्या मूळ प्रश्नाकडे येऊ. तू दोन खेळांबद्दल विचारले आहेस, पण तुझ्या वेळापत्रकाची मी बेरीज केली तेव्हा खो-खोचे १० तास, पळण्याचे ६ तास, सायकलचे आठवड्याला अंदाजे ६ तास आणि त्यावर रविवारची शर्यत असा हिशेब निघाला. तेवीस तास, आणि सात दिवसांत पूर्ण विश्रांतीचा एकही दिवस नाही. खो-खोच्या सरांना पळण्याचे सहा तास दिसत नाहीत, ॲथलेटिक्सच्या प्रशिक्षकांना खो-खोचे दहा तास दिसत नाहीत, आणि रविवारची शर्यत तर दोघांच्याही खिजगणतीत नाही. प्रत्येकाच्या मते त्यांचा सराव बेताचाच आहे आणि आपापल्या जागी ते खरेही आहे. शरीराची खातेवही मात्र एकच असते; त्यात खो-खोचे पान वेगळे आणि ट्रॅकचे पान वेगळे असे नसते. म्हणून मला वाटते की तुझी अडचण दोन खेळ खेळण्याची नसून दोन खेळांचा पुरता सराव, वर तिसरी शर्यत, आणि या सगळ्याची बेरीज करणारे कोणीही नसणे, ही आहे.

हे दोन खेळ एकमेकांचे वैरी नाहीत, हे मी ठामपणे सांगू शकते. खो-खोमध्ये नऊ मिनिटांच्या डावात तिघींची तुकडी संरक्षणाला उतरते आणि चांगली खेळाडू दोन-अडीच मिनिटे टिकते. त्या वेळात ती सरळ धावत नाही. ती चौकोनात बसलेल्या आठ जणींमधून आत-बाहेर होते, खांबाजवळ वेग मारून उलटी वळते, धावणाऱ्या आक्रमकाच्या खांद्याकडे पाहून खो कुठे पडणार याचा अंदाज घेते. आणि ८०० मीटर धावायला तुला लागतात २ मिनिटे २१ सेकंद. दोन्हीकडे छाती जवळपास तेवढाच वेळ जळते! मागच्या वर्षी फारसा ट्रॅकचा सराव नसताना तू २ मिनिटे २९ सेकंदांत धावलीस, ते आकाशातून पडले नव्हते. सहावीपासून केलेल्या संरक्षणाची ती कमाई होती. उलट लांब पल्ल्याच्या रस्त्यावरच्या शर्यती या दोन्ही खेळांना फारशा पूरक नाहीत. डांबरावरचे दहा किलोमीटर तुझ्या नडगीवर जेवढा मार देतात, तेवढा फायदा ना खो-खोला देतात ना ८०० मीटरला.

शर्यतीतले ते रोख बक्षीस तुझ्यासाठी किती मोलाचे आहे हे मला कळते, त्यामुळे नुसते ‘सोडून दे’ म्हणणे मला शोभणार नाही. महाविद्यालयाच्या जिमखाना विभागाकडे खेळाडूंच्या बूट आणि प्रवासासाठी तरतूद असते. क्रीडासंचालकांना लेखी अर्ज दे आणि अर्जाची प्रत जवळ ठेव, कारण तोंडी विनंतीला तोंडी आश्वासन मिळते. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयातही चौकशी कर. पाय बरा झाल्यावर वर्षातून दोन-तीन निवडक शर्यती धावायला माझी हरकत नाही.

हौशी दर्जाच्या भीतीबद्दल सांगते, कारण ही भीती शंभर वर्षांपूर्वी खरी होती. अमेरिकेचा जिम थॉर्प याने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये पेंटॅथलॉन आणि डेकॅथलॉन या दोन्ही प्रकारांत सुवर्णपदके जिंकली. त्याआधी त्याने किरकोळ मानधन घेऊन दुय्यम दर्जाच्या संघांकडून बेसबॉल खेळल्याचे उघड झाले आणि १९१३ मध्ये त्याची दोन्ही पदके काढून घेण्यात आली. खेळ वेगळा, पैसे क्षुल्लक, तरीही नियम म्हणजे नियम. १९५३ मध्ये तो वारला, त्याच्या कुटुंबाला पदके १९८३ मध्ये परत मिळाली आणि त्या स्पर्धांचा एकमेव विजेता म्हणून त्याची नोंद पुन्हा व्हायला २०२२ साल उजाडले. तो अन्याय होता असे मला वाटते. परंतु ते युग संपले. ऑलिंपिकने हौशीपणाची अट १९८० च्या दशकात सोडली आणि ॲथलेटिक्सच्या जागतिक संघटनेने २००१ मध्ये आपल्या नावातून ‘हौशी’ हा शब्दच काढून टाकला. गावच्या मॅरेथॉनमधल्या बक्षिसाने तुझे ८०० मीटर बाद होणार नाही. विद्यापीठ स्पर्धांसाठी पूर्णवेळ विद्यार्थी असणे, वय आणि प्रवेशाची वर्षे असे पात्रतेचे वेगळे नियम असतात; ते मात्र क्रीडासंचालकांकडून लेखी मागून घे.

दोन खेळ खेळलेल्या माणसांची उदाहरणे तुला अनेक जण सांगतील, त्यांतले एक मी मुद्दाम सविस्तर सांगते, कारण ते तुझ्या हळहळीच्या भीतीशी जोडलेले आहे. मद्रासचे एम. जे. गोपालन हे जलदगती गोलंदाज होते आणि हॉकीपटूही. रणजी करंडक स्पर्धेतला पहिला चेंडू १९३४ मध्ये त्यांनीच टाकला. त्याच वर्षी जानेवारीत कलकत्त्याला ते इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना खेळले आणि १९३५ मध्ये ध्यानचंद यांच्याबरोबर भारतीय हॉकी संघातून न्यूझीलंडच्या दौऱ्यावर गेले. १९३६ मध्ये दोन्हीकडून बोलावणे आले. एकीकडे इंग्लंडचा क्रिकेट दौरा आणि दुसरीकडे बर्लिन ऑलिंपिकसाठी हॉकीची निवड. त्यांनी क्रिकेट निवडले. इंग्लंडमध्ये त्यांना एकाही कसोटीत खेळवले गेले नाही, आणि बर्लिनला गेलेल्या हॉकी संघाने सुवर्णपदक जिंकले. ही कथा नेहमी चुकलेल्या निवडीची म्हणून सांगितली जाते, पण मला ती तशी वाटत नाही. निवड करताना त्यांच्या हातात होते ते दोन दौरे, दोन तारखा आणि आपल्याला काय खेळायचे आहे याची जाणीव. पुढचा निकाल त्यांच्या हातात नव्हता. नव्वद वर्षांनंतर निकालाकडे पाहून त्यांना चुकले म्हणणे सोपे आहे. तूही जे ठरवशील ते आज हातात असलेल्या माहितीवर ठरवशील. उद्या खो-खोचा संघ जिंकला आणि तू त्यात नसलीस, म्हणून आजचा निर्णय खोटा ठरत नाही.

गंमत अशी की त्याच १९३६ च्या इंग्लंड दौऱ्यावर कोटा रामस्वामी होते. त्यांनी १९२२ मध्ये भारताकडून डेव्हिस चषकात टेनिस खेळले आणि चौदा वर्षांनी, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, मँचेस्टरला कसोटी पदार्पणात ४० आणि ६० धावा केल्या. एका खेळानंतर दुसरा, असाही मार्ग असतो. चुनी गोस्वामी यांचे कर्णधारपद तर दोन्ही खेळांतले. १९६२ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने फुटबॉलचे सुवर्ण जिंकले आणि १९७१-७२ च्या हंगामात त्यांनी बंगालच्या क्रिकेट संघाला रणजीच्या अंतिम फेरीपर्यंत नेले. कोलकात्यात फुटबॉल पावसाळ्यातला आणि क्रिकेट थंडीतले, ही सोय त्यामागे होती. ऑस्ट्रेलियाची एलिस पेरी २००७ मध्ये सोळाव्या वर्षी देशाकडून क्रिकेट आणि फुटबॉल दोन्ही खेळू लागली, दोन्ही खेळांच्या विश्वचषकांत उतरली, पण पुढे दोन्ही वर्षभराचे होऊ लागले तेव्हा क्रिकेटच तिच्याकडे राहिले. जिथे हंगाम वेगळे राहिले तिथे दोन खेळ टिकले, आणि हंगाम एकमेकांवर चढले तिथे एक सुटला.

तुझ्या जिल्ह्यातले उदाहरण मात्र या सर्वांपेक्षा जवळचे आहे. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर शाळेत खो-खो खेळत असत. तिथून त्या लांब पल्ल्याच्या धावण्याकडे वळल्या, मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिल्या आल्या, आणि स्टीपलचेसकडे, म्हणजे अडथळे ओलांडत धावण्याच्या शर्यतीकडे, तर वयाच्या पंचविशीत वळल्या. २०१४ च्या इंचॉन आशियाई स्पर्धेत कांस्य आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत दहावा क्रमांक, ही त्यांची पुढची वाटचाल. १९८४ मध्ये पी. टी. उषा यांनी अंतिम फेरी गाठल्यानंतर ऑलिंपिकमध्ये ट्रॅकवरच्या अंतिम फेरीत पोहोचलेल्या त्या पहिल्या भारतीय महिला. तुझे प्रशिक्षक हे उदाहरण खो-खो सोडण्यासाठी देतील. मी ते दुसऱ्या कारणासाठी देते. एकोणिसाव्या वर्षी दार बंद होत नाही.

आता माझे मत. डॉक्टरांनी परवानगी दिल्यानंतर, आणि त्याआधी अजिबात नाही, हा हंगाम खो-खोचा असू दे. ज्या खेळात तू राज्य स्पर्धेपर्यंत गेली आहेस आणि विद्यापीठ संघाच्या उंबरठ्यावर आहेस, तो निवड चाचणीच्या तोंडावर सोडणे मला पटत नाही. या काळात ट्रॅकवर आठवड्यातून दोनदाच जा आणि तेही हलके पळायला, घड्याळाशी झगडायला नव्हे. खो-खोचा विद्यापीठ हंगाम संपला की दोन आठवडे पूर्ण विश्रांती घे. त्यानंतरचे चार-पाच महिने ट्रॅकचे, आणि खो-खो आठवड्यातून एकदा, गड्यांची ओळख आणि हाताची सवय राहावी एवढ्यापुरते. प्रत्येक आठवड्यात एक दिवस काहीही नाही. असे एक वर्ष गेल्यावर पहिल्यांदाच तुला कळेल की नीट सराव केला, पोटभर खाल्ले आणि पाय दुखत नसला तर तू ८०० मीटर किती वेळात पळतेस. आज ते ना तुला माहीत आहे ना तुझ्या प्रशिक्षकांना. आठ सेकंदांची सुधारणा कौतुकाचीच आहे, परंतु पहिले आठ सेकंद लवकर निघतात आणि पुढचे प्रत्येक सेकंद महागात पडते. भारताची धावपटू टिंटू लुका हिने ८०० मीटरला २०१० मध्ये दिलेली वेळ १ मिनिट ५९.१७ सेकंद होती, म्हणजे देशातल्या उत्तम वेळेपासून तू अजून वीसहून अधिक सेकंद दूर आहेस. त्यामुळे ‘तुझे पाय खो-खोत वाया चाललेत’ असे आत्ताच म्हणण्याइतका पुरावा नाही. तसेच खो-खोलाही कमी लेखण्याचे दिवस राहिले नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला खो-खो विश्वचषक भारताच्या दोन्ही संघांनी जिंकला आणि दोन्ही कर्णधार, प्रियांका इंगळे आणि प्रतीक वाईकर, महाराष्ट्राचे होते.

दोन प्रशिक्षकांपुढे हे कसे मांडायचे, ही तुझी खरी धास्ती असावी. एक साधी शंभर पानी वही घे आणि त्यात रोज चार गोष्टी लिही. किती वेळ आणि कसला सराव केला, झोप किती झाली, नडगी दहापैकी किती दुखली आणि जेवणात काय होते. पाळीच्या तारखाही त्यातच. डॉक्टरांचा कागद आणि ही वही घेऊन दोघांनाही एकाच दिवशी, शक्य तर महाविद्यालयाच्या क्रीडासंचालकांसमोर भेट. ‘सर, मला तुमच्याकडेही शिकायचे आहे आणि त्यांच्याकडेही, पण दोघांचे मिळून आठवड्याला इतकेच तास मला करता येतील, ते कसे वाटायचे ते तुम्ही दोघे ठरवा,’ असे म्हण. आपल्याकडे विद्यार्थिनीने गुरुजनांपुढे असे बोलणे अवघड जाते, हे मी जाणते. म्हणूनच हातात कागद असावा. खो-खोच्या सरांचे ‘संघ मोडेल’ हे म्हणणे मी सौम्यपणे घेते, कारण संघाची जबाबदारी पेलणाऱ्या माणसाला तसे वाटते. परंतु संघ बांधून ठेवण्याचे ओझे एका मुलीच्या नडगीवर टाकता येत नाही. आणि ‘माझ्याकडे येऊ नकोस’ असे जे म्हणतात त्यांनी आकडे पाहूनही तेच म्हटले, तर त्यांच्याकडे या वर्षी जाऊ नकोस. धावायला ट्रॅक लागतो, तो तिथेच राहणार आहे.

वडिलांच्या प्रश्नाला थोडक्यात उत्तर आहे. राज्य शासनाच्या सेवेत खेळाडूंसाठी ५ टक्के समांतर आरक्षण आहे, आणि कोणत्या स्पर्धेतल्या कोणत्या क्रमांकावर कोणत्या गटाचे पद मिळू शकते हे शासन निर्णयात ठरवून दिलेले असते. खो-खोचे प्रमाणपत्र असो वा ॲथलेटिक्सचे, ते मान्यताप्राप्त संघटनेच्या स्पर्धेचे हवे आणि विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून त्याची पडताळणी झालेली हवी. तुझी जुनी राज्य स्पर्धेची प्रमाणपत्रे नियमात बसतात का ते विचारून घे आणि बसत असतील तर भरतीची जाहिरात येण्याची वाट न पाहता पडताळणीला टाक. अनेक चांगले खेळाडू खेळात नाही तर या कागदात मागे पडतात. पोलीस भरतीच्या मैदानी चाचणीत महिलांना ८०० मीटर, १०० मीटर आणि गोळाफेक असते, तेव्हा तुझे ८०० मीटर तिथेही उपयोगी पडेल. पण ही सर्व दारे पदवी पूर्ण झाली तर अधिक रुंद उघडतात, एवढे वडिलांना आणि स्वतःलाही सांग.

डॉक्टरांनी सहा-आठ आठवडे थांबायला सांगितले तर निवड चाचणी हुकेल. रडू येईल, येऊ दे. तसे झाले तर क्रीडासंचालकांना वैद्यकीय कागद देऊन ठेव, म्हणजे पुढच्या वर्षी ‘चाचणीला आलीच नव्हती’ असा शेरा आड येणार नाही. त्या आठवड्यांत संध्याकाळी मैदानाच्या कडेला बसून संघाच्या संरक्षणाची वेळ तू घड्याळावर घेऊ शकशील. खो-खो बसून पाहिला की खेळताना न दिसणारे पुष्कळ दिसते.

राहिली येत्या रविवारची शर्यत. त्यासाठी घेतलेला क्रमांक कपाटात राहू दे आणि त्या सकाळी झोप पूर्ण कर. सोमवारी डॉक्टरांकडे जा, आणि तपासणीचा अहवाल आला की मला पुन्हा लिही.